दोन पारडी, तीन कनेक्शनं

शुक्रवारच्या कॉलमध्ये अण्णांचा जबडा उघडा राहिला, त्यात अण्णांची चूक नव्हती. ते 'आपलं स्वागत आहे' म्हणत होते. त्यातला 'आ' पलीकडे पोचला आणि बाकीचं स्वागत वाटेत अडकलं. हॉस्पिटलच्या खरेदी विभागातल्या बाईंनी बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि मग शांतपणे कॉल बंद केला. ज्यांच्या वायफायवर हा सगळा कारभार चालला होता ते शेजारचे दातवाले डॉक्टर तेवढ्यात सहज डोकावले होते. पडद्यावर थिजलेलं चित्र बघून ते म्हणाले, "अण्णा, डावीकडची वरची दाढ एकदा दाखवून जा."

सूनबाईने त्याच संध्याकाळी बाईंना फोन लावला आणि आणखी एक संधी मागून घेतली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता.

"मला काटा हलताना दिसला पाहिजे," बाई म्हणाल्या होत्या. "नवजात बाळांचे काटे आहेत हे. बाळ किती भरलं त्यावर आमच्याकडे डोस ठरतो. तुमच्यावर विश्वास आहे हो, पण विश्वास मला फाइलला लावता येत नाही. या वेळी नाही जमलं तर दुसरी पार्टी तयार आहे."

हॉस्पिटलच्या झाडून सगळ्या शाखांतले काटे तपासण्याचं काम होतं ते. वर्षभर सूनबाई त्याच्या मागे होती. शुक्रवारी रात्री ती नवऱ्याला, मिलीला, इतकंच म्हणाली, "हे गेलं तर मी प्रयोगशाळेने देऊ केलेल्या नोकरीला हो म्हणणार आहे. मग ऑफिस तुम्ही बघा."

म्हणून सोमवारी सकाळी कारखान्यात बैठक बसली. शटर अर्धं खाली ओढलं, भाऊकाकांनी मोठ्या तराजूवरची गोणपाटं काढली आणि पारडी फडक्याने पुसली.

या घरात भांडण मिटवायची एकच रीत होती, आणि ती आजोबांनी घालून दिली होती: बोलून झालं की तोलायचं. वजनकाटे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसांनी हात वर करून मतं मोजावीत हे त्यांना हलकं वाटायचं. प्रत्येकाला त्याच्या मानाप्रमाणे पितळेचं एकेक वजन दिलेलं होतं. थोरले म्हणून अण्णांचं एक किलो. त्यांच्या पाठची आत्या आणि धाकटे भाऊकाका यांचं अर्धा-अर्धा किलो; आत्याने आपला अर्धा किलो भांडून मिळवला होता आणि तो भाऊकाकांना अजून मान्य नव्हता. अण्णांचा मुलगा मिली दोनशे ग्रॅमचा. मिली हे त्याचं नाव नव्हे; तो जन्मला तेव्हा एवढासा होता की आजोबांनी त्याला सोनाराकडच्या काट्यावर तोललं होतं, तेव्हापासून मिलिग्रॅम आणि पुढे मिली. आणि सूनबाईचं पन्नास ग्रॅम, तेही ऑफिस अंगावर घेतल्यानंतर मिळालेलं.

"नाकी डोळी नीटस आहे," वजन हातात आलं तेव्हा ती मिलीला म्हणाली होती, "पण याने पोस्टाचं पाकीटसुद्धा हलणार नाही."

"तर," भाऊकाका म्हणाले, "मी माझं सांगतो. सोपं आहे."

सोपं असल्यामुळे त्यांनी आधी सगळ्यांना पाय उचलायला लावले. अख्ख्या कारखान्याच्या फरशीवर खडूने चौकोन आखलेले होते आणि प्रत्येक चौकोनात एकेक आकडा होता. शनिवार-रविवार ते फोन हातात धरून चौकोनाचौकोनातून फिरले होते आणि डॉक्टरांचं वायफाय कुठे किती येतं ते मोजलं होतं. एका ठिकाणी तीनदा मोजून सरासरी, ट्रकचा काटा तपासतात अगदी तसं. रविवारी दुपारी त्यांना शोध लागला होता. डॉक्टरांच्या बाजूच्या भिंतीला लागून वीस-वीस किलोची लोखंडी वजनं छातीपर्यंत रचलेली होती. वायफाय भिंत ओलांडून यायचं, त्या लोखंडावर कपाळ आपटायचं आणि आल्या वाटेने परत जायचं.

"मग वजनं हलवा," आत्या म्हणाली.

"ताई, ती अडीच टन आहेत. तू धरतेस एक बाजू?" भाऊकाकांनी काठीने कोपऱ्याकडे दाखवलं. "लोखंड नाही अशी एकच जागा आहे आणि तिथे सिग्नल फुल्ल. मोरी."

सगळ्यांनी मोरीकडे पाहिलं.

"भाऊकाका," सूनबाई म्हणाली, "हॉस्पिटलच्या बाईंना मी बाळांचा काटा मोरीतून दाखवू?"

"नळ दिसणार नाही असा कोन मी काढलाय."

"आणि वास?"

"वास नेटवरून जात नाही. एवढं तर मलाही कळतं." भाऊकाका खुशीत होते. डॉक्टर त्यांचे दोस्त, पासवर्ड त्यांना मिळालेला, आणि तो फुकट. ते ट्रकच्या काट्यांवर काम करत, घरात त्याला ढोबळ काम म्हणत आणि मिलीच्या कामाला बारीक. आयुष्यभर ढोबळ म्हणून घेतलेल्या माणसाला एकदा काहीतरी बारीक सापडलं होतं. चौकोन आखताना गुडघे किती दुखले हे ते कोणाला सांगणार नव्हते, पण कोणीतरी विचारायला हवं होतं असं त्यांना वाटत होतं.

विचारलं नाही कोणी. आत्याने पदर खोचला.

"फुकटच पाहिजे तर माझं इंटरनेट काय वाईट आहे? जावयाने बसवून दिलंय. वरच्या माझ्या खिडकीतून वायर खाली सोडा, सरळ सूनबाईच्या टेबलावर. ना लोखंड, ना मोरी."

"ते घरगुती आहे, आत्या," सूनबाई म्हणाली. "त्यावर धंदा चालवलेला कंपनीला कळला तर तोडतात. आणि जावई त्याच कंपनीत आहेत. आधी त्यांनाच बोलावतील."

"कोण सांगायला जातंय?"

"आणि दुपारी तुम्ही आडव्या होताना सगळी बटणं बंद करता."

"करणारच. आग लागली तर तुमचं इंटरनेट येणार आहे का विझवायला?"

"हॉस्पिटलच्या शाखा दुपारीच कॉलवर आपल्याकडून काटे तपासून घेणार आहेत."

"मग वर येऊन सांगायचं, आत्या, आज बटण ठेवा चालू. मी नाही म्हणेन का?" आत्या हे म्हणाली आणि स्वतःच जरा थांबली. लेक सासरी गेल्यापासून वरच्या दोन खोल्यांत दिवसभर कोणाचा आवाज नसायचा. खाली हातोडी वाजली की तिला कळायचं, मिली आला. शटर वाजलं की कळायचं, गेले सगळे. मधल्या वेळात कोणालाच वर काही काम पडत नसे. वायर लोंबली असती तर निदान ती तुटली की नाही हे बघायला तरी कोणी जिना चढलं असतं. पण हे काय तराजूत घालायचं असतं? ती घसा खाकरून म्हणाली, "आणि माझ्या वायरीला भाडं नाही."

"तुझं काय ते सांग," मिली बायकोला घाईने म्हणाला. त्याला घड्याळ दिसत होतं.

सूनबाईचं सांगून होणार तरी कसं? पाच आठवडे ती यामागे फिरत होती. मोठ्या कंपन्यांचा घरासाठी एक दर आणि ऑफिससाठी त्याच्या तिप्पट. एकदा तिने फोनवर धीर करून 'घरच आहे' असं सांगितलं, आणि नेमकी त्याच वेळी मागे मिलीने लोखंडावर हातोडी मारली. पलीकडच्या पोराने नम्रपणे विचारलं, "मॅडम, घरात काय चाललंय?" आणि दर परत तिप्पट झाला. फोनचं इंटरनेट कारखान्याच्या आत प्राण सोडायचं. शेवटी कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत केबल आणलेली एक छोटी कंपनी सापडली. एकट्या दुकानासाठी खांबापासून आत केबल ओढणं त्यांना परवडत नव्हतं. रांगेतली तीन दुकानं एकत्र आली तर खर्च तिघांत वाटला जाणार होता आणि महिन्याचा दर घरच्या दरापेक्षा थोडासाच वर.

"पलीकडचा किल्लीवाला तयार आहे. तिसरेही तयार आहेत," ती म्हणाली. "केबलवाला कोपऱ्यावर थांबलाय. बारापर्यंत हो म्हटलं तर संध्याकाळपर्यंत जोडून देतो. नाहीतर तो पुढच्या महिन्यात येणार."

"तिसरे कोण?" भाऊकाकांनी विचारलं.

"त्यांनी त्यांच्या घरी अजून सांगितलं नाही. मग मी कशी सांगू?"

"म्हणजे आहेत की नाहीत हेच नक्की नाही. आणि फुकटचं सोडून पैसे भरायचे." भाऊकाका काठी टेकून बसले. "चला, तोला."

"कसं तोलणार?" मिली म्हणाला. "मोरी, खिडकी आणि खांब. पारडी दोन, मतं तीन."

"चार," अण्णा म्हणाले.

ते इतका वेळ स्टुलावर बसून होते. "मला यातलं काहीच नको. काटा डोळ्यांनी बघायचा असतो. बाईंना बघायचा असेल तर त्यांनी यावं, नाहीतर आपण जावं. या काचेवर काय दिसतं? माझं उघडं तोंड." शुक्रवारचं ते तोंड त्यांच्या मनातून जात नव्हतं. उभ्या आयुष्यात कोणी त्यांच्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं नव्हतं, आणि ते असं.

"अण्णा, शाखा लांब लांबच्या गावांत आहेत," सूनबाई म्हणाली.

"मग ते काम आपलं नाही."

एवढ्यावर सगळं संपू शकत होतं. अण्णांनी उठून आपलं एक किलोचं वजन डाव्या पारड्यात ठेवलं. "आधी हेच तोला. इंटरनेट हवं की नको. नको, हे माझं पारडं."

आत्या आणि भाऊकाका यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच पारड्यात वजन टाकण्याचा प्रसंग त्यांच्यावर याआधी कधी आला नव्हता. कारखान्याचा रंग असो की मिलीचं लग्न, ताई डावीकडे तर भाऊ उजवीकडे, हे ठरलेलं. पण इंटरनेट हवं, यापुरता दोघांचा स्वार्थ एक होता. आत्याने अर्धा किलो उजवीकडे ठेवला. भाऊकाकांनी त्याला शक्यतो न चिकटवता आपला अर्धा किलो ठेवला.

आता दांडी सरळ व्हायला हवी होती. किलो एकीकडे आणि दोन अर्धे किलो दुसरीकडे. मग मिली आणि सूनबाई काय करतात त्यावर निकाल.

दांडी सरळ झाली नाही. उजवं पारडं हळूच खाली गेलं आणि खालीच राहिलं.

पहिल्यांदा ते अण्णांनाच दिसलं. इंटरनेट नको म्हणून आपण भांडतोय हेही ते क्षणभर विसरले. "थांबा," ते म्हणाले. "कोणी हात लावू नका. भाऊ, तुझ्या वजनाखाली काय चिकटलंय?"

"काही नाही. बघ."

"मग तराजू बिघडलाय."

मिलीने पारडी बदलली. किलो उजवीकडे, दोन अर्धे डावीकडे. आता डावं खाली गेलं.

"तराजू बरोबर आहे, अण्णा," मिली हळू आवाजात म्हणाला.

तिन्ही वजनं आतल्या काचेच्या पेटीतल्या बारीक काट्यावर गेली. सगळी माणसं त्या काट्याभोवती दाटीने उभी राहिली, दवाखान्याच्या दारात उभी राहावीत तशी. भाऊकाकांचं बरोबर भरलं. आत्याचं बरोबर भरलं. अण्णांचं वजन ठेवल्यावर मिलीने आकडा पाहिला, वजन काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पाहिला.

"बोल ना," अण्णा म्हणाले.

"सहा ग्रॅम कमी आहे."

अण्णा खाली बसले. गावातल्या ज्या ज्या दुकानदाराला ग्रॅमभराच्या फरकासाठी त्यांनी फैलावर घेतलं होतं, ते सगळे आता रांगेने त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावेत.

"तू रोज सकाळी ते पावडर लावून घासतोस," आत्या म्हणाली. "चकचकीत दिसावं म्हणून. घासून घासून झिजवलंस."

"आणि इतक्या वर्षांत कोणी तपासलं नाही?" भाऊकाकांनी विचारलं.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," आत्या म्हणाली. "तू आणि मी एका बाजूला कधी आलोच नाही रे भाऊ, नाहीतर केव्हाच कळलं असतं."

भाऊकाकांना अण्णांची खरंच कीव आली. ते खिशात चाचपत म्हणाले, "जाऊ दे ना. सहा ग्रॅमची नाणी टाकू वरून. घरातलं तर आहे."

"भेसळ करतोस?" अण्णा म्हणाले. ते उठले, बारीक काट्यावरून आपलं वजन घेतलं, आणि नापास वजनं टाकायच्या डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने उघडलं. "नापास वजनाला तोलायचा हक्क नाही. माझं मत रद्द. तुमचं तुम्ही बघा." वजन डब्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. घरातला एक किलो गेला होता. उरलेल्यांना एकदम फार मोकळं आणि जरा पोरकं वाटलं.

पोरकेपण फार टिकलं नाही.

"म्हणजे आता मी आणि तू," आत्या भाऊकाकांना म्हणाली. "खिडकी डावीकडे. मोरी उजवीकडे."

"आणि खांब?" सूनबाईने विचारलं.

"तुम्ही नवराबायको मिळून अडीचशे. तुम्हाला पारडं कशाला? तुम्ही कोणाच्या तरी बाजूने या. ये सूनबाई, इकडे ये. बटण मी दिवसभर चालू ठेवीन, बस?"

"मिली," भाऊकाका दुसऱ्या बाजूने कुजबुजले, "मोरीला दार बसवून देतो. नवीन. आरसा लावून."

मिलीने बायकोकडे पाहिलं. बायकोने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला थोडाच वेळ होता, आणि तिच्या पन्नास ग्रॅमला आयुष्यात पहिल्यांदा मागणी आली होती, नको त्या दोन्ही बाजूंनी.

शटरखालून दोन बूट दिसले, मग वाकलेलं डोकं. दातवाले डॉक्टर आत आले.

"वहिनी, तो केबलवाला विचारतोय, काय करू? मी घरी सांगून टाकलं बरं का. आणि माझं जुनं कनेक्शन सकाळीच बंद करून टाकलं. उगाच दोन दोन कशाला." मग त्यांना सगळे चेहरे दिसले. "काय झालं? कोणाची दाढ दुखतेय?"

भाऊकाकांनी फोन काढून पाहिला. ते मोरीच्या दारापर्यंत गेले, आत गेले, बाहेर आले. "तिसरे म्हणजे हे?" त्यांनी सूनबाईला विचारलं.

"त्यांनी घरी सांगितलं की सांगणार होते. तुम्ही आधीच पाय उचलायला लावलेत."

"डॉक्टर, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"अहो, तुम्ही दोन दिवस माझ्या भिंतीला फोन लावून उभे होतात. मला वाटलं, काहीतरी घरगुती असेल." डॉक्टरांनी फरशीवरचे आकडे पाहिले आणि वाकून बघायला लागले. "हे सगळं तुम्ही मोजलंत? फार बारीक काम आहे हो हे. गुडघे नाही का दुखले?"

भाऊकाकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा निवळला, हे सूनबाईने पाहिलं. ते तराजूपाशी गेले. मोरी तर बुडाली होती. राहिली खिडकी आणि खांब. आत्या हसू दाबत उभी होती.

"ताईच्या वायरीला लटकून मी धंदा करणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी अर्धा किलो खांबाच्या पारड्यात ठेवला. मिलीने दोनशे ग्रॅम इतक्या घाईने ठेवले की पारडं डुललं. सूनबाईने पन्नास ग्रॅम ठेवले. त्याची आता गरज नव्हती, तरी ठेवले.

आत्याने आपलं वजन समोरच्या पारड्यात ठेवलंच नाही. ते मुठीत धरून म्हणाली, "कळलं. तोलायची काय गरज आहे?"

सूनबाईने शटर वर केलं, कोपऱ्याकडे हात केला, केबलवाल्याने हात केला. मग ती परत येऊन म्हणाली, "आत्या, एक अडचण आहे. खांबापासून केबल वरून आणायची तर तुमच्या खिडकीपाशी खिळा लागेल. आणि तो माणूस म्हणतो, महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी वर येऊन बघावं लागतं."

"महिन्या-दोन महिन्यांनी कशाला," आत्या म्हणाली. "आठवड्याला बघावं. वारं काय विचारून सुटतं?" आणि ती केबलवाल्याच्या आधी जिना चढायला निघाली.

मंगळवारी अकरा वाजता ऑफिसच्या टेबलावर बाळांचा काटा ठेवला होता, शेजारी मिली प्रमाण वजनं घेऊन उभा, कौतुकाने वाकलेले भाऊकाका, आणि चांगली साडी नेसलेली आत्या. अण्णा दाराजवळ स्टूल घेऊन बसले होते, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने. तोंड मिटून.

बाई पडद्यावर आल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं. मिलीने वजन ठेवलं. आकडा वर गेला आणि शेवटच्या ठिकाणी थरथरत राहिला. मिलीने वजन काढून पुन्हा ठेवलं. तेच. केबल आली, चित्र आलं, आणि आता काटाच स्थिर होत नव्हता.

बाई चष्मा लावून पुढे झुकल्या. "डावीकडचे गृहस्थ," त्या म्हणाल्या, "टेबलावरचं कोपर काढतील का?"

भाऊकाकांनी कोपर काढलं. आकडा जागच्या जागी उभा राहिला.

दाराजवळचं स्टूल करकरलं. अण्णा उठून आले आणि टेबलासमोर, थेट कॅमेऱ्यात उभे राहिले. "हे तुम्हाला तिथून दिसलं?"

"दिसलं ना."

"मी याला वर्षानुवर्षं सांगतोय, कोपर काढ." अण्णांनी स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसले. "बाई, पुढचं वजन मी ठेवतो. तुम्ही बघा. काही दिसलं तर लगेच बोला."

वजनं एकेक करून झाली. बाईंनी दोनदा अण्णांना थांबवलं आणि दोन्ही वेळा त्या बरोबर होत्या. अण्णा इतके खुशीत आले की वजनं संपल्यावरही आणखी एखादं आहे का म्हणून इकडेतिकडे बघू लागले. पलीकडे बाईंनी काहीतरी लिहिलं, पान उलटलं, पुन्हा लिहिलं. सूनबाई त्यांच्या पेनाकडे बघत होती.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून सगळ्या शाखांचे काटे तुमच्याकडे."

आत्याने मिलीचा दंड घट्ट धरला. भाऊकाकांनी कोपर टेबलावर टेकायला घेतलं आणि हवेतच ठेवलं.

"जरा पुन्हा सांगता का?" सूनबाई म्हणाली.

"का, आवाज येत नाही?"

"येतोय. अगदी स्वच्छ येतोय," सूनबाई म्हणाली. "तरी एकदा सांगा."